पाऊस आला की काय करता?

कोलकात्यात निसर्ग वर्षातून साधारण सहा आठवडे शहाण्यासारखा वागतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत ऊन कोवळे, हवा कोरडी आणि डास मरगळलेले असतात. मुलगी दाखवायच्या दिवशी घर जसे आवरलेले असते, तसा हा काळ. निसर्गाच्या कुशीत शिक्षण देणाऱ्या खासगी शाळांना पालकांना आवार दाखवायची हौस येते तीही याच दिवसांत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. जुलैत बोलावले तर निम्मे पालक बायपासवरच्या पाण्यात अडकतील. पालक येतात. आंब्याला टांगलेला टायर पाहतात, मातीची चूल पाहतात, टोमॅटोच्या चार रोपांपुढची ‘आमची शेती’ ही पाटी पाहतात, एक ससा पाहतात. ससा पाहिला की साधारणतः आईचा निर्णय होतो आणि फीचा तक्ता पाहिला की बाबांचा. या दोन निर्णयांच्या मध्ये जी धुसफूस होते तिला शाळा निवडणे म्हणतात. माझे म्हणणे एवढेच, की ससा, टायर, टोमॅटो आणि फी हे सगळे क्षणभर बाजूला ठेवून पालकांनी प्रवेशाच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारावा : पाऊस आला की काय करता? शाळा निसर्गाच्या ताब्यात आहे की निसर्ग शाळेच्या नोकरीत, हे त्या एका उत्तरातून कळते.

हा प्रश्न विचारायला कोलकात्याइतके योग्य शहर दुसरे नाही, कारण शाळेला कंटाळून शाळा काढणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध माणूस याच गावचा. रवींद्रनाथांनी जोडासांकोच्या वाड्यातून ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकॅडमी आणि सेंट झेव्हियर्स अशा शाळा पाहिल्या आणि एकीतही त्यांचे मन रमले नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलाचे समुपदेशन झाले असते. त्यांच्या आठवणींत लहानपणचा एक प्रसंग आहे. श्याम नावाचा नोकर त्यांना खोलीत एका जागी बसवून भोवती खडूने रेघ ओढायचा आणि बजावायचा, की रेघ ओलांडलीस तर काही खरे नाही. रामायण ऐकलेले पोर, सीतेचे काय झाले ते ठाऊक, त्यामुळे बसून राहायचे. खिडकीबाहेर तळे, तळ्याच्या काठी वड, आंघोळीला येणाऱ्या माणसांच्या तऱ्हा. सगळा निसर्ग गजांच्या पलीकडे. श्यामला बालशिक्षणाचे प्रशिक्षण नव्हते. त्याला फक्त दुपारी मोकळे व्हायचे होते. मोबाइलचा शोध लागण्यापूर्वी नोकरमाणसांना खडूवर भागवावे लागे.

इथे कोणी चतुर पालक हात वर करील. म्हणेल, अहो, म्हणजे रेघेच्या आत बसवलेला मुलगाच रवींद्रनाथ झाला ना? मग आम्हीही तेच करतो. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, खिडकीला जाळी आहे, पलीकडे निसर्ग आहे. युक्तिवाद बिनतोड दिसतो खरा. पण एवढ्याने कवी होत असते तर गृहसंकुलागणिक एक नोबेल आले असते. शिवाय ज्याच्यावर हा प्रयोग झाला त्याचेच मत विचारायचे तर त्याने मोठेपणी पहिल्या संधीला रेघ पुसली, आणि त्यासाठी पुरीचे घर आणि बायकोचे दागिने विकले. मृणालिनीदेवींनी दागिने दिले. आज निसर्गशाळेसाठी दागिने विकायची वेळ आली तर ती पालकांवर येते, संस्थापकांवर नाही. शिक्षणक्षेत्रातली एवढी प्रगती नाकारता येणार नाही.

शाळा निघाली 22 डिसेंबर 1901 रोजी, कोलकात्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर, बोलपूरजवळ शांतिनिकेतनात. विद्यार्थी पाच, त्यांतला एक संस्थापकाचाच मुलगा. पटसंख्या फुगवायची ही पद्धत पुढे फार ठिकाणी उपयोगी पडली. जागा वडिलांनी, देवेंद्रनाथांनी, 1863 मध्ये तिथल्याच रायपूरच्या सिंह जमीनदारांकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेली, वीस बिघे. आणि हे नीट लक्षात घ्यावे, की त्या जागेवर निसर्ग म्हणावा असा फारसा नव्हता. लाल माती, पावसाने चिरलेल्या घळी, ज्यांना तिकडे खोआई म्हणतात, आणि उघड्या माळावर छातिमची दोन झाडे. छातिम म्हणजे आपली सातवीण. आज शांतिनिकेतनात जी आम्रराई आणि शालवीथी पाहून माणसे हळवी होतात, ती झाडे माणसांनी लावली, पाणी घातले, वाट पाहिली. वृक्षारोपणाचा उत्सव तिथे 1928 पासून रीतसर सुरू झाला. म्हणजे निसर्गशाळेला मुळात जंगल लागते हा समज चुकीचा आहे. लागतो तो पंचवीस-तीस वर्षांचा धीर. माहितीपत्रकात धीराचा फोटो घालता येत नाही, म्हणून बिचारे ससा घालतात.

पालकांविषयीही इतिहास मोलाची माहिती पुरवतो. सुरुवातीच्या काळात या आश्रमात मुले पाठवणाऱ्यांत निसर्गप्रेमी थोडे आणि हात टेकलेले जास्त होते. जो मुलगा घरात आवरत नाही, दुसऱ्या शाळेत टिकत नाही, त्याला ठाकुरांच्या माळावर धाडून द्यावे, अशी एकूण भावना. सरकारचे मत तर त्याहून स्पष्ट होते. 1911 च्या सुमारास पूर्व बंगाल आणि आसाम सरकारने गुपचूप परिपत्रक काढून कळवले, की ही शाळा सरकारी नोकरांच्या मुलांसाठी सर्वस्वी अयोग्य आहे. काही घाबरट पालकांनी मुले काढूनही घेतली. पुढे गंमत अशी झाली, की 1912 मध्ये तो प्रांतच मोडीत निघाला, 1913 मध्ये संस्थापकाला नोबेल मिळाले आणि अयोग्य शाळा एकदम दूरदृष्टीची ठरली. 2023 मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतन जागतिक वारशाच्या यादीत घातले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की सरकारने नाकारलेली प्रत्येक शाळा थोर असते. मान्यतेचे कागद जरूर तपासावेत. पण शेजारच्या काकूंना शाळा पसंत नाही, हे कारण मात्र परिपत्रकाच्या शेजारी ठेवून पाहावे.

आता पावसाकडे येऊ. शांतिनिकेतनात वर्ग झाडाखाली भरतो. मुले बसायचे आसन काखेत मारून एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जातात, आणि पाऊस आला की वर्ग मोडतो. यात थोरपणा काही नाही, डोक्यावर छप्परच नाही. पण छप्पर नसल्यामुळे एक मोठी घटनात्मक दुरुस्ती आपोआप झाली : वेळापत्रक ठरवण्याचा थोडा अधिकार ढगांकडे गेला. गणिताचे मास्तर कितीही कडक असोत, त्यांच्यावर अपील करता येईल असे एक न्यायालय वर होते. मुलाला निसर्ग कळतो तो इथे. आपल्यापेक्षा मोठे, मास्तरांपेक्षा मोठे, मुख्याध्यापकांच्या सहीलाही न जुमानणारे काहीतरी आहे, हे सहा वर्षांच्या पोराला कोणी न सांगता समजते. रवींद्रनाथांनीच आपल्या शाळेबद्दल लिहिताना सांगितलेली हकिगत आहे. एक पाहुणे हेडमास्तर आले, त्यांना एक मुलगा झाडाच्या बेचक्यात बसून अभ्यास करताना दिसला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रवींद्रनाथांना त्यांची समजूत घालावी लागली, की सुसंस्कृत माणसाला झाडाची फांदी आणि दिवाणखान्यातली खुर्ची यांतून निवड करायची मुभा फक्त लहानपणीच असते. हेडमास्तरांना ते पटले की नाही कोण जाणे. पटले असते तर एवढ्या वर्षांत इतर शाळांतही कुठल्या तरी बेचक्या भरल्या असत्या.

आजच्या निसर्गशाळेत काय होते? तिथे निसर्गाला तास दिलेला असतो. मंगळवार, दहा चाळीस ते अकरा वीस, माती. अकरा वीसला घंटा होते, मुले ओळीने हात धुतात, कारण अकरा पंचवीसला फोनिक्स आहे. गुरुवारी फुलपाखरू. आता फुलपाखराला गुरुवार कळवायचा कोणी? त्यामुळे गुरुवारी पडद्यावर फुलपाखराची चित्रफीत दाखवतात, पडदे ओढून, कारण बाहेरच्या उन्हात पडद्यावरचे फुलपाखरू नीट दिसत नाही. पाऊस आला तर ‘पाऊस’ हा उपक्रम होतो, पण तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. अवकाळी आलेला पाऊस अभ्यासक्रमात नसतो. कालबैशाखी, म्हणजे चैत्र-वैशाखात दुपार कलल्यावर काळेकुट्ट ढग घेऊन येणारे बंगालचे वादळ, ही खरे तर पोरांना दाखवण्यासारखी जगातली पहिल्या प्रतीची चीज. पाच मिनिटांत प्रकाश बदलतो, धूळ उठते, हिरव्या कैऱ्या टपाटप पडतात. ती आली की शिपाई धावत जाऊन खिडक्या लावतो.

याचा सगळा दोष शाळांवर ढकलणे सोपे आहे; पण निसर्गाला विषय करण्याची खोड आपली सर्वांची. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले, की शाळा-कॉलेजांत पर्यावरण शिकवले पाहिजे. हेतू उत्तम होता. त्याचे देशभर फळ काय, तर प्रकल्प. ‘झाडे वाचवा’ या विषयावर वीस तक्तेकागद, थर्मोकोलचा डोंगर, त्यावर हिरवा भुसा, आणि हे सगळे रात्री अकरा वाजता करत बसलेले वडील. मूल झोपलेले. एका पिढीतल्या बापांना पर्यावरणाचे जे सखोल ज्ञान झाले आहे ते या मार्गाने. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची कल्पना आहे. तीही चांगली आहे, फक्त त्या दहा दिवसांसाठी दहा वेगळ्या वह्या मागवल्या गेल्या तर आश्चर्य वाटायला नको. रवींद्रनाथांची 1918 ची एक गोष्ट आहे, ‘तोताकाहिनी’. राजा एका अडाणी पोपटाला शिकवायचे ठरवतो. सोन्याचा पिंजरा होतो, पंडित येतात, पोथ्यांचे ढीग येतात, पिंजऱ्याची डागडुजी आणि देखरेख करणारे गब्बर होतात, आणि पोथ्यांची पाने कोंबून कोंबून पोपट मरतो. शतक उलटल्यावर पिंजरा वेलींचा झाला आहे आणि पोथ्या पुनर्वापर केलेल्या कागदाच्या. देखरेख करणाऱ्यांचे बरे चालले आहे.

मराठी माणसाने या बाबतीत कोलकात्याकडे पाहून हसू नये, तसेच खजीलही होऊ नये. खजील न होण्याचे कारण असे, की आपल्याकडे या विषयातले कदाचित सर्वांत शहाणे काम झाले आहे आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती सकाळी गुरे घेऊन कुरणात जात. कोणीही व्यवहारी माणूस म्हणाला असता, की पालकांना नोटीस काढा. या बायकांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. गुरे चरताहेत, मुले शिकताहेत, आणि एखादी गाय भलतीकडे गेली तर विद्यार्थी उठून तिला वळवून आणतो. बालवाडी या शब्दातल्या ‘वाडी’चा अर्थ कोकणात विचारावा, नारळी-पोफळीच्या सावलीत जे काही वाढते ते वाडीत वाढते. शब्दातच झाड होते. पुढे त्याचे ‘प्ले ग्रुप’ झाले आणि झाड गेले, मग ते परत आणायला वेगळे पैसे पडू लागले.

कुरणशाळा आणि निसर्गशाळा यांतला फरक सांगायला मला शिक्षणशास्त्राची गरज वाटत नाही. कोसबाडला कुरण मुलांचे होते, तिथे शाळा नेली. इथे शाळा पालकांच्या ऐपतीची आहे, तिच्यात कुरण आणले. आणि कुरण कोणाला हवे असते, हाही प्रश्न आहेच. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले दुष्काळाला कंटाळून देशभर पांगले. सोने-चांदी गाळण्याच्या त्यांच्या भट्ट्या शहरोशहरीच्या सराफ्यांत आहेत. अशा घरात जाऊन सांगून पाहावे, की मुलाला मातीत हात घालायला मिळावा म्हणून दरमहा एवढी एवढी फी भरा. ते नम्रपणे ऐकून घेतील. मातीतून हात काढायला त्यांच्या दोन पिढ्या गेलेल्या असतात. निसर्ग त्यांनी पाहिला तो पाच-पाच वर्षे न आलेल्या पावसाच्या रूपाने. त्यांना काचेची, गार हवेची, इंग्रजी बोलणारी शाळा हवी असते आणि त्यांचे काही चुकत नाही. निसर्गाची ओढ ही निसर्गापासून सुरक्षित अंतरावर गेल्यानंतर लागते. कोलकात्यातल्या भद्रलोकांच्या घरी ती लागायला पिढ्यान्‌पिढ्यांचा अवधी मिळाला, म्हणून तिथे ती जरा जास्त मुरलेली आहे.

मुरलेली आहे म्हणून निर्भय आहे असे नाही. बंगाली माणसाइतके पावसावर, शरदाच्या ढगांवर, काशफुलांवर कोणी प्रेम करत नसेल, आणि बंगाली माणसाइतके सर्दीला कोणी भीत नसेल. पारा विसाच्या खाली सरकला की माकडटोपी निघते. ‘ठांडा लेगे जाबे’ हे तीन शब्द कुठल्याही शिक्षणतत्त्वाला आडवे येऊ शकतात. मूल जानेवारीच्या सुंदर सकाळी झाडाखाली बसलेले असते, पण टोपी, मफलर, दोन स्वेटर आणि बोरोलीनचा थर यांमधून त्याच्यापर्यंत निसर्ग पोचतो तो फक्त डोळ्यांच्या भोकांतून. श्यामची खडूची रेघ निदान विरळ तरी होती. या भीतीला मी हसतो आहे खरा, पण तिच्या मागे एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा, की रवींद्रनाथांचे ठीक होते, आजच्या कोलकात्यात बाहेर बसवणे धोक्याचे आहे. 30 एप्रिल 2024 रोजी इथे पारा 43 अंशांना टेकला. 2022, 2023 आणि 2024 अशी लागोपाठ तीन वर्षे राज्य सरकारला उन्हाळी सुट्टी अलीकडे ओढावी लागली. डेंग्यूचे डास तर दर पावसाळ्यात हजेरी लावतात. डासामुळे हिवताप पसरतो याचा उलगडा करताना रोनाल्ड रॉसने 1898 मधले महत्त्वाचे प्रयोग याच शहरात केले, त्यामुळे इथल्या डासांना शैक्षणिक परंपराही आहे.

हा आक्षेप मला मान्य आहे. फक्त तो माझ्या प्रश्नाविरुद्ध नाही, उलट माझ्या बाजूचा आहे. 43 अंशांत पोराला बाहेर बसवणारी शाळा निसर्गाला ओळखत नाही; ती वेळापत्रकालाच ओळखते, फक्त तिचे वेळापत्रक बाहेर टांगलेले आहे. निसर्ग ओळखणारी शाळा एप्रिलमध्ये सकाळी सहाला भरेल आणि दहाला सुटेल, मग पालकांच्या ऑफिसची वेळ काही का असेना. ती डबक्यात मुलांना उड्या मारू देईल आणि दर आठवड्याला तीच मुले घेऊन कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करील, डासांच्या अळ्या भिंगाखाली दाखवून. उष्म्याने मुले आजारी पडत असतील तर झाडे कुठे लावायची याचा विचार ती या वर्षी करील, म्हणजे दहा वर्षांनी सावली मिळेल. जगातही अशा शाळांचा उगम आरोग्याच्या चिंतेत आहे. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला 1904 मध्ये रानशाळा निघाली ती क्षयाच्या छायेतल्या, अशक्त मुलांसाठी. डेन्मार्कमध्ये एला फ्लाताऊ या बाईंनी 1950 च्या दशकात मुलांना घेऊन रानात हिंडायला सुरुवात केली आणि त्यातून रानातल्या बालवाड्या वाढल्या. त्या देशांत ऊन ही दुर्मीळ वस्तू, म्हणून ते मुलांना उन्हात बसवतात. आपल्याकडे सावली दुर्मीळ. त्यांचे माहितीपत्रक उचलून आणले की आपण मुलांना भर दुपारी ‘सूर्यस्नान’ घालतो.

दुसरा आक्षेप अधिक सोज्वळ आहे. खोटा का होईना, थोडा निसर्ग मिळतो आहे. चार टोमॅटो तर चार, तेवढे तरी मूल पाहील ना? पाहील. टोमॅटो वाईट नाहीत. पण चार टोमॅटोंसाठी जे दुसरे डोळ्यांआड होते त्याचा हिशेब मांडावा लागतो, आणि कोलकात्यात तो फार मोठा निघतो. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टर पाणथळ पसरली आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांनी तिथे जाते, उथळ तळ्यांत पसरते, ऊन आणि शेवाळ मिळून ते निवळतात, त्यावर मासे पोसले जातात, तेच पाणी पुढे भाजीला आणि भाताला जाते, आणि मासे व भाजी संध्याकाळी परत शहराच्या ताटात. या तळ्यांना भेडी म्हणतात. कोळी आणि शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत होते. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने ते 1980 च्या दशकात पायी हिंडून समजून घेतले आणि जगाला सांगितले, आणि 2002 मध्ये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. कोणत्या दिवशी किती सांडपाणी आत घ्यायचे, पाण्याचा रंग कसा झाला म्हणजे थांबायचे, मासा वर येऊन तोंड उघडू लागला म्हणजे काय समजायचे, हे ज्याला कळते तो शिक्षक म्हणून नेमला गेला तर मुले रसायन, जीवशास्त्र आणि नागरिकशास्त्र एका दुपारी शिकतील. त्याच्याकडे बी.एड. नसते, आणि विषयाची सुरुवात संडासापासून होते, ही दोन्ही कारणे त्याला खिडकीवरच अडवायला पुरेशी आहेत.

शिवाय एक अवघड गोष्ट. सॉल्ट लेक हे उपनगर 1960 च्या दशकात हुगळीतला गाळ नळांतून आणून खाजणांवर ओतून उभे राहिले, आणि शहराचा पूर्वेकडचा विस्तार पुढेही तळ्या-शेतांवरच होत गेला. त्या बाजूच्या कुठल्याही इमारतीत, मग ती शाळा असो की मॉल, निसर्गाविषयी बोलताना आवाज जरा खाली ठेवावा. आपण ज्या फरशीवर उभे आहोत तिच्याखाली काय होते, एवढाच धडा एखाद्या शाळेने प्रामाणिकपणे दिला तर मी तिला दहा ससे माफ करीन.

तिसरा आक्षेप स्पर्धेचा, आणि तो पालक कुजबुजत घेतात : झाडावर बसून पोर मागे पडले तर? याला उत्तर म्हणून निसर्गशाळावाले ताबडतोब अमर्त्य सेन आणि सत्यजित राय यांची नावे फेकतात. मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. ज्यांचे आजोबा क्षितिमोहन सेन आणि उपेंद्रकिशोर राय यांच्यासारखे होते, ती मुले तबेल्यात शिकली असती तरी बहुधा चमकली असती. त्यांच्या यशावर झाडांनी हक्क सांगू नये. थोर विद्यार्थी हा शाळेचा पुरावा होत नाही, तसा मागे पडलेला विद्यार्थीही होत नाही. झाडाखालच्या वर्गाने पोर पुढे जाते असे मी म्हणतच नाही. माझा दावा फार लहान आहे : त्याला थांबवले जाण्याची सवय होते. पाऊस आला, थांबा. कैरी पिकली नाही, थांबा. शहरातल्या मुलाला कोणीच थांबवत नाही, फक्त सिग्नल थांबवतो, आणि तोही बाबा ओलांडतात.

गांधीजींनी तर शांतिनिकेतनालाही थांबवून पाहिले. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमाची मुले 1914 च्या अखेरीस तिथे येऊन राहिली होती, 1915 मध्ये गांधीजी स्वतः आले, आपल्या साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर तेव्हा तिथेच होते. गांधीजींनी विचारले, स्वयंपाक आणि झाडलोट मुले आणि मास्तर स्वतः का करत नाहीत? 10 मार्चला प्रयोग सुरू झाला. रवींद्रनाथांनी आशीर्वाद दिला, मुलांना मजा वाटली, काही मास्तरांना वाटली नाही, आणि गांधीजी गेल्यावर काही काळाने आचारी परत आले. अजूनही 10 मार्चला तिथे गांधी पुण्याह पाळतात. त्या दिवशी नोकरांना सुट्टी आणि झाडू विद्यार्थ्यांच्या हाती. वर्षातून एक दिवस. मोठ्या कल्पनेचे शेवटी एका दिवसात रूपांतर होते याचे वाईट वाटून घेऊ नये, वर्षभर पाळली जाणारी कल्पना कंत्राटदाराकडे जाते.

आता खुद्द प्रवेशाचे. शिक्षण हक्क कायद्याने मुलांची चाळणी परीक्षा बंद केली आहे, म्हणून मुलाखतीला ‘संवाद’ म्हणतात. या संवादात पालक शाळेला आवडतील अशी उत्तरे देतात : आम्ही घरी टीव्ही लावत नाही, आठवड्यातून एकदा गवतावर अनवाणी चालतो. शाळाही पालकांना आवडतील अशी उत्तरे देते. दोघेही एकमेकांना निसर्ग दाखवत असताना मूल खुर्चीखाली मुंग्यांची रांग पाहत असते आणि त्याला दोनदा हाक मारून वर घेतले जाते. त्याच्या लक्षाचा कालावधी कमी आहे, अशी नोंद होते. माझा सल्ला, हा संवाद पार पाडावा, पण निर्णय आषाढात घ्यावा. न कळवता जावे. पहारेकऱ्याच्या बुटांना चिखल आहे का पाहावे. तो एकटाच निसर्गात शिकत असेल तर परत फिरावे. व्हरांड्यात ओल्या चपलांचा ढीग असेल, भिजलेली आसने दोरीवर टांगलेली असतील, आणि एखादी शिक्षिका पदर पिळत ‘सगळे आले का आत?’ असे ओरडून मोजत असेल, तर तिथेच उभे राहावे. माहितीपत्रक मागू नये. बहुधा छापलेलेच नसते, किंवा भिजलेले असते.

आणि प्रवेश मिळालाच, पहिला जोराचा पाऊस आलाच, वर्ग मोडून मुले खरोखर अंगणात गेलीच, तर त्या दिवशी दुपारी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लक्ष ठेवावे. दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला संदेश येईल : मुले ओली कशी झाली, टॉवेलची सोय आहे का, जबाबदार कोण? तो पाठवणारे बाबा जानेवारीत आवार पाहायला आले होते तेव्हा सशापाशी सर्वांत जास्त वेळ उभे होते. खाली पाठोपाठ एकोणीस अंगठे. विसाव्या अंगठ्यासाठी आपला हात कुठवर आला आहे, तेवढे पाहावे.